छोट्या अंगाच्या गिटारींचा नाद : साथीसाठी डबल-ओ, ओएम की त्याहूनही लहान?

तर्जनी

माझी मैत्रीण भावगीते आणि गझला गाते व मी तिला गिटारची साथ करते. बैठक बहुधा कुणाच्या तरी दिवाणखान्यात असते, सोबत तबला असतो, कधी हार्मोनियमही असते आणि ध्वनिवर्धक जवळजवळ नसतोच. माझ्याकडे ड्रेडनॉट घाटाची, म्हणजे मोठ्या, खोल अंगाची गिटार आहे. एकटीने वाजवताना ती मला अतिशय आवडते, परंतु बैठकीत तिच्या खर्जाच्या तारा डग्ग्याच्या अंगावर जातात आणि गायिकेला ज्यांचा खरा आधार वाटतो ते मधले सूर त्या घुमण्यात बुडतात. त्यामुळे लहान अंगाची गिटार घ्यायचे ठरवले आहे.

दुकानात आणि ओळखीच्यांकडे मिळून तीन गिटारी वाजवून पाहिल्या : मार्टिन कंपनीच्या ओएम (ऑर्केस्ट्रा मॉडेल) घाटाची एक, बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) मान जोडलेली महोगनीची डबल-ओ (मार्टिनच्या मापांत ‘००’, ओएमहून लहान), आणि टेलर कंपनीची छोटी जीएस मिनी. ड्रेडनॉटचा आवाज कमी केला की लहान गिटारचा आवाज मिळतो, असे मी धरून चालले होते, पण तसे आढळले नाही. डबल-ओवर दुसऱ्या-तिसऱ्या तारेचा सूर भरीव येतो आणि लवकर विरतो. ओएमवर सगळ्या तारा एकमेकींना सांभाळून बोलतात. जीएस मिनी तिच्या आकारापेक्षा मोठी वाटते, पण तिच्या खर्जात थोडा कोंदटपणा जाणवला.

ज्यांनी हे घाट दीर्घकाळ वाजवले आहेत त्यांना माझा प्रश्न असा आहे की हा फरक अंगाच्या आकारामुळे पडतो, तारेच्या लांबीमुळे, लाकडामुळे, की दुकानातल्या उत्साहामुळे?

आळशी_वादक

शून्याला स्वतःची किंमत नसते असे आम्हांला शाळेत शिकवले होते. मार्टिनच्या यादीत मात्र एक शून्य वाढले की किंमतही वाढते. वाचनखूण साठवली आहे.

लीहाय_खोऱ्यातून

मी पेनसिल्व्हेनियात, मार्टिनच्या नेझरेथ गावापासून जवळच राहतो. तिथल्या संग्रहालयात हे सगळे घाट एका छताखाली पाहायला मिळतात, म्हणून आधी मापे सांगतो, कारण नावांवरून काहीच कळत नाही.

खालच्या, सर्वांत रुंद भागाची रुंदी पाहिली तर सिंगल-ओ साडेतेरा इंच, डबल-ओ सुमारे १४.३ इंच, ट्रिपल-ओ आणि ओएम १५ इंच, आणि ड्रेडनॉट सुमारे १५.६ इंच भरते. म्हणजे ओएम आणि ड्रेडनॉट यांच्या रुंदीत पाऊण इंचाचाही फरक नाही. खरा फरक कमरेत आणि खोलीत आहे. ड्रेडनॉटला कंबर जवळजवळ नाही आणि तिची खोली शेपटाकडे पावणेपाच इंचांहून जास्त आहे, तर ओएमची चार इंचांहून जेमतेम थोडी अधिक. तर्जनीताई, तुम्हांला जे घुमणे नको आहे ते बरेचसे त्या खोलीतून येते.

ओएमचा जन्मही तुमच्या प्रश्नाशी संबंधित आहे. १९२९ साली अटलांटाच्या पेरी बेक्टेल या बँजोवादकाला मान लांब हवी होती, म्हणून मार्टिनने ट्रिपल-ओचे अंग वरून आखूड केले आणि चौदा फ्रेट अंगाबाहेर काढले. पुढे १९३४ च्या सुमारास हेच अंग तारेची लांबी कमी करून ट्रिपल-ओ या नावाने विकले जाऊ लागले. आज दोघींचे अंग एक आहे, परंतु ओएमच्या तारेची लांबी २५.४ इंच आणि ट्रिपल-ओची २४.९ इंच असते. त्यामुळे आकाराचा परिणाम कोणता आणि तारेच्या लांबीचा कोणता, हे वेगळे करायचे असेल तर या दोघी शेजारी ठेवून वाजवाव्यात. त्यांच्यासारखी सोयीची जोडी दुसरी नाही.

खर्जप्रेमी

मला हा सगळा खटाटोप अनाठायी वाटतो. ड्रेडनॉट हळू वाजवता येते, पण लहान गिटार मोठी वाजवता येत नाही. ज्या वादकाला आपला हात आवरता येत नाही त्याने गिटार बदलून काय साधणार? जीएस मिनी ही प्रवासाची आणि मुलांची गिटार आहे. बैठकीत ती घेऊन बसणे मला तरी पटत नाही.

ध्वनिवेडा

खर्जप्रेमी, हळू वाजवल्याने आवाज कमी होतो, पण त्याची वाटणी फारशी बदलत नाही. कारण सांगतो.

गिटारच्या पोटातली हवा मधल्या भोकातून आतबाहेर डोलते आणि तिची स्वतःची एक आवडती कंपनसंख्या असते. पूर्ण आकाराच्या गिटारीत ती साधारण १०० हर्ट्झच्या आसपास येते. पोट लहान झाले आणि भोक तेवढेच राहिले की ती वर सरकते. सहावी तार मोकळी छेडली तर तिचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा असतो आणि पाचवीचा ११० हर्ट्झचा. ड्रेडनॉटमध्ये हवेचा हा डोल नेमका या दोघींच्या मध्ये बसतो, म्हणून सहाव्या तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटच्या आसपासचे सूर फुगून येतात. हळू वाजवा की जोरात, ते इतरांच्या तुलनेत फुगलेलेच राहणार. डग्ग्याचा घुमाराही याच टापूत असतो, त्यामुळे तर्जनीताईंच्या बैठकीत दोघे एकाच पाटावर बसायला पाहतात.

लहान गिटारीत सहाव्या तारेचा मूळ सूर दुबळा पडतो, पण त्याचे वरचे स्वरांश, म्हणजे १६५, २४७ हर्ट्झ वगैरे, शाबूत राहतात आणि त्यांवरून आपला कान मूळ सूर स्वतःच जुळवून घेतो. म्हणून डबल-ओचा खर्ज ऐकू येतो पण अंगावर येत नाही. साथीला मला हेच हवे असते.

आता तारेच्या लांबीकडे. तार तीच आणि सूर तोच ठेवला तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २५.४ वरून २४.९ वर आले की ताण सुमारे चार टक्क्यांनी उतरतो आणि बोटाला तो लगेच जाणवतो. जीएस मिनीची तार २३.५ इंचांची आहे, म्हणजे साडेपंचवीस इंची गिटारच्या तुलनेत ताण सुमारे पंधरा टक्के कमी. तिच्यावर १२ ऐवजी १३ ची (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) पहिली तार चढवली तर हिशेबाने तो ताण जवळजवळ पूर्ण भरून निघतो. कोंदटपणाची तक्रार करण्याआधी त्या गिटारीवर कोणत्या तारा होत्या ते पाहायला हवे.

नवशिक्या_निगडी

म्हणजे लहान गिटारीवर जाड तारा चढवायच्या? मी आजवर उलट समजत होतो.

ध्वनिवेडा

@नवशिक्या, तारेची लांबी कमी असेल तरच. डबल-ओ बहुतेक वेळा हलक्या बांधणीची असते, तिच्यावर बनवणाऱ्याने सांगितल्याहून जाड तारा चढवू नयेत. घोडी (फळीवरची, तारा अडकवायची पट्टी) उखडण्याची किंवा तिच्यामागे फळी फुगण्याची भीती असते.

मिश्र_काफी

एक अगदी व्यवहारातला मुद्दा राहून गेला आहे. तर्जनीताई, तुमची मैत्रीण कोणत्या पट्टीत गाते?

तर्जनी

बहुतेक गाणी काळी चारमध्ये असतात. मी चौथ्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून ई घाटाच्या कॉर्डांवर वाजवते.

मिश्र_काफी

मग अर्धा प्रश्न इथेच सुटतो. कॅपो चौथ्या फ्रेटला लावल्यावर तुमचा सर्वांत खालचा सूर ८२ हर्ट्झचा राहत नाही, तो १०४ च्या जवळ जातो. ध्वनिवेडा यांनी सांगितलेला ड्रेडनॉटचा फुगवटा आता थेट तुमच्या षड्जाच्या शेजारी येऊन बसतो, आणि तोच सूर तुम्ही समेवर सर्वाधिक वेळा छेडता. दुसरीकडे, लहान गिटार जिथे कमी पडते तो ८० ते १०० हर्ट्झचा पट्टा तुम्ही वापरतच नाही. ज्या खर्जासाठी लोक मोठ्या गिटारचे पैसे मोजतात तो कॅपोच्या मागे पडून राहतो.

पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल आणि वादक पहिल्या फ्रेटला कॅपो लावून वाजवत असेल तर माझे मत वेगळे असेल. तिथे मी ओएमच्या खाली उतरणार नाही.

गिटारच्या घाटाची चर्चा पट्टी विचारल्याशिवाय करू नये असे मला फार दिवस वाटते. परदेशी चर्चांमध्ये हा प्रश्न क्वचितच निघतो, कारण तिथे गाणारा आणि वाजवणारा बहुधा एकच असतो आणि तो आपल्या गिटारच्या सोयीने पट्टी निवडतो. आपल्याकडे पट्टी गायकाची असते आणि वादकाने मुकाट्याने कॅपो सरकवायचा असतो.

खर्जप्रेमी

मुद्दा बिनतोड आहे हे मान्य, पण काळी चारपुरताच.

पणजीचो_बाब

तर्जनीबाय, आमच्या गोव्यात मांडो या गीतप्रकाराला गिटार, व्हायोलिन आणि घुमट (मातीचे चर्मवाद्य) अशी साथ असते. घुमटाचा नाद खर्जातच असतो, त्यामुळे तुमची आणि आमची अडचण एकच. मी घरात लहान गिटार वाजवतो आणि ती घुमटाला जागा देते, हे खरे. परंतु फेस्ताच्या रात्री उघड्या अंगणात वीस माणसे दुलपद हे नाचरे गाणे म्हणत असतील तेव्हा ती गिटार कुणाला ऐकूच जात नाही. तिथे ड्रेडनॉट हवी आणि तीही पिकाने (तारा छेडायच्या चकतीने) झोडपायला हवी. घाट कोणता चांगला हे छप्पर आहे की नाही यावरही ठरते.

इतिहासातही असेच घडले आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पार्लर गिटारी आतड्याच्या तारांच्या होत्या आणि खोलीत वाजवण्यासाठी होत्या. १९२० च्या दशकात स्टीलच्या तारा रुळल्या, बँजोच्या आवाजाला तोंड देण्याची वेळ आली आणि गिटारी फुगत गेल्या. ड्रेडनॉट घाट मार्टिनने १९१६ पासून डिट्सन या विक्रेत्यासाठी बनवला आणि १९३१ पासून स्वतःच्या नावाने विकला. त्या काळी विजेचा ध्वनिवर्धक सोबत असता तर हा घाट इतका पसरला असता का, याची मला शंकाच आहे.

शिसवी

लाकडावर अजून कुणी बोलले नाही म्हणून लिहिते. तर्जनी, तुम्ही वाजवलेली डबल-ओ महोगनीची होती. तिची वरची फळी महोगनीची होती की फक्त बाजू आणि पाठ?

तर्जनी

वरची फळीसुद्धा महोगनीचीच होती. ओएमला वर स्प्रूस (सूचिपर्णी झाडाचे हलके लाकूड) आणि मागे शिसवी होते.

शिसवी

मग तुम्ही आकाराची तुलना करतच नव्हता, तुम्ही एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या होत्या : अंग, मानेचा जोड, तारेची लांबी आणि वरची फळी. यांपैकी वरच्या फळीला मी सर्वाधिक वजन देते. महोगनीची फळी स्प्रूसपेक्षा जड असते, तिचा आवाज मधल्या पट्ट्यात एकवटतो आणि वरची चमक कमी असते. तुम्हांला जो भरीव सूर ऐकू आला त्यात तिचा वाटा मोठा असणार. स्प्रूस फळीची डबल-ओ मिळाली तर ती ओएमच्या बरीच जवळची वाटेल.

पाठीच्या लाकडाबद्दल मात्र विक्रेते जे सांगतात ते निम्मे सोडून द्यावे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा गिटारी खास बनवून घेतल्या. त्यांत फक्त पाठीचे आणि बाजूंचे लाकूड वेगळे होते : ब्राझिली शिसवी, भारतीय शिसवी, महोगनी, मेपल, सपेली आणि अक्रोड. बावन्न वादकांनी त्या अंधूक उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे चढवून वाजवल्या. स्वस्त लाकूड आणि दुर्मीळ लाकूड यांत त्यांना नादाचा दखल घेण्याजोगा फरक सांगता आला नाही. मार्टिनने १९६९ मध्ये ब्राझिली शिसवी सोडून आपल्याकडच्या शिसवीवर उडी मारली तेव्हापासून कित्येक लोक जुन्या नादाच्या नावाने हळहळत आहेत. त्यांनी ते चष्मे एकदा चढवून पाहावेत.

आळशी_वादक

वेल्डिंगचा चष्मा आमच्या गल्लीत मिळेल, ब्राझिली शिसवी तेवढी कुणीतरी आणावी.

लीहाय_खोऱ्यातून

शिसवी यांच्याशी पाठीच्या लाकडाबाबत सहमत आहे, परंतु मानेच्या जोडाला त्यांनी कमी लेखले आहे असे वाटते. मान बाराव्या फ्रेटपाशी जोडली आणि तारेची लांबी तीच ठेवली की घोडी खाली, रुंद भागाच्या मध्याकडे सरकते. तिथे फळी सर्वांत मोकळेपणाने हलते. चौदा फ्रेटच्या गिटारीत घोडी भोकाकडे, ताठर भागाकडे ढकलली जाते. याच कारणाने बारा फ्रेटची डबल-ओ चौदा फ्रेटच्या डबल-ओपेक्षा मोठी आणि उबदार वाटते. इंग्रज गिटारवादक एरिक क्लॅप्टनने १९९२ च्या अनप्लग्ड कार्यक्रमात वाजवलेली १९३९ सालची मार्टिन ट्रिपल-ओ ४२ चौदा फ्रेटची आहे. तिचा स्वच्छ, नेमका सूर त्या चौदा फ्रेटच्या बांधणीचा उत्तम नमुना आहे. अमेरिकी लोकगीत-गायिका जोन बाएझ यांची सिंगल-ओ ४५ तर त्याहून लहान, आणि तेवढ्या गिटारीवर त्यांनी सभागृहे भरली. अर्थात समोर मायक्रोफोन होता.

तर्जनीताई वरच्या फ्रेटवर फारशा जात नसतील तर दोन फ्रेट गमावण्याचे दुःख त्यांना होणार नाही.

नवशिक्या_निगडी

गिब्सन कंपनीच्या गिटारींबद्दल कुणी लिहीत नाही, असे का?

खर्जप्रेमी

@नवशिक्या, कारण ती माझ्याकडे आहे आणि मी विरोधी बाकावर बसलो आहे. एल-००, म्हणजे पावणेपंधरा इंच रुंद अंग आणि २४.७५ इंचांची तार. तिचा सूर कोरडा असतो, पटकन उठतो आणि पटकन बसतो. ठेका अंगठ्याने धरून वाजवायचे असेल तर ती मजा मार्टिनमध्ये नाही. ब्लूजचा रॉबर्ट जॉन्सन ज्या प्रसिद्ध छायाचित्रात सूट घालून बसला आहे, त्यात त्याच्या मांडीवर गिब्सनचीच एल-१ आहे. पण गझलेच्या साथीला लागणारी आस तिच्यात नाही. आलापाच्या मागे कॉर्ड सोडून द्यायची आणि तिने गायिकेचा श्वास संपेपर्यंत टिकायचे, हे काम तिला जमत नाही. माझा लहान गिटारींना विरोध यासाठीच आहे. तर्जनी यांनी स्वतःच लिहिले आहे की डबल-ओचा सूर लवकर विरतो. त्याचे काय करणार?

मिश्र_काफी

खर्जप्रेमी यांचा हा आक्षेप या धाग्यातला सर्वांत वजनदार आहे, असे मला वाटते. गझलेत दोन मिसऱ्यांमध्ये जो अवकाश असतो तो भरायला आस लागतेच. माझा उपाय असा की कॉर्ड एकदम न सोडता तारा एकेक करून छेडाव्यात, म्हणजे विरण्याआधी पुढचा सूर तयार असतो. पण सोबत हार्मोनियम असेल तर तिचा भाता ते काम कितीतरी चांगले करतो, आणि तेव्हा गिटारने लवकर विरणे हा गुणच ठरतो. हार्मोनियमच्या धरलेल्या सुरावर ओएमची लांब आस आली की दोघींचा गिचका होतो. तर्जनीताई, दर बैठकीला हार्मोनियम असते का, यावर तुमचा निर्णय ठरायला हवा.

दादरचा_श्रोता

मी वाजवत नाही, ऐकतो. वादक मंडळी गिटार मांडीवर घेऊन निर्णय करतात आणि आवाज जातो समोर. लहान गिटारच्या बाबतीत ही गफलत जास्त होते, कारण वादकाला ती दुबळी वाटते आणि समोर तीन-चार मीटरवर बसलेल्याला पुरेशी स्पष्ट ऐकू येते. म्हणून दुसऱ्या कुणाला तरी वाजवायला लावून स्वतः समोर बसून ऐकावे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून तुलना करू नये, कारण त्याच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्ज येतच नाही आणि त्यातून ऐकलेल्या सर्व गिटारी सारख्याच लहान होतात.

शिवाय मुंबईच्या पावसाळ्यात दुकानात वाजवलेली गिटार आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये वाजवलेली गिटार यांची तुलना करण्यात अर्थ नाही. सलग लाकडाच्या गिटारी साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत ठेवाव्यात असे बनवणारे सांगतात, आणि जुलैत इथली हवा त्याच्या पुष्कळ वर असते. फळी ओलावा धरते, तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात आणि नाद मंदावतो. त्यात दुकानातल्या तारा कधी बदलल्या होत्या हे कोण सांगणार?

नवशिक्या_निगडी

आमच्यासारख्यांच्या खिशाला परवडेल असे काही सांगा. मार्टिन आणि गिब्सन वाचून डोळे निवले, आता पोट भरायला हवे.

शिसवी

@नवशिक्या, यामाहाची एफएस ८०० पाहा. एफजी हा तिचा मोठा घाट आणि एफएस हा लहान. वरची फळी सलग स्प्रूसची आहे आणि पैसे तिथेच मोजायचे असतात. बाजू आणि पाठ प्लायची असली तरी, वर सांगितलेला प्रयोग लक्षात घेतला तर, त्याचे फार दुःख करू नये. तिचा खर्ज आटोपशीर असतो. महागड्या डबल-ओचा भरीवपणा तिच्यात शोधू नका. प्लायच्या बाजूंचा आपल्याकडच्या पावसाळ्यात फायदाच होतो.

तर्जनी

सर्वांचे मनापासून आभार. दादरचा_श्रोता यांच्या सूचनेप्रमाणे एका विद्यार्थ्याला वाजवायला बसवले, मैत्रिणीला काळी चारमध्ये गायला लावले, तबलजींनाही बोलावले आणि मी समोर सतरंजीवर बसून ऐकले. डबल-ओ आणि ओएम दोन्हींवर सारख्याच नव्या तारा चढवून घेतल्या होत्या. जीएस मिनी या फेरीत घेतली नाही, कारण तिची मान माझ्या हाताला अरुंद वाटते आणि त्याला नादाचा इलाज नाही.

एकट्या गिटारीत ओएम सरळसरळ उजवी ठरली. तिचा सूर लांबवर पोहोचतो आणि विरताना स्वच्छ राहतो. तबला सुरू झाल्यावर मात्र चित्र पालटले. डबल-ओचा मधला पट्टा डग्गा आणि चाट यांच्या मधल्या जागेत नेमका बसला आणि गायिकेने स्वतःहून सांगितले की तिला गंधार अधिक सहज सापडतो. ओएमचा खर्ज ड्रेडनॉटइतका नसला तरी समेवर डग्ग्याशी तो थोडा भिडत होताच. शिसवी यांची शंका रास्त असल्याने स्प्रूस फळीची डबल-ओ शोधली, ती मिळाली नाही. त्यामुळे यात आकाराचे श्रेय किती आणि महोगनीचे किती हे मला सांगता येणार नाही.

आस कमी पडते हे खर्जप्रेमी यांचे म्हणणे हार्मोनियमशिवाय गायलेल्या गझलेत तंतोतंत खरे ठरले. तरी आमच्या बहुतेक बैठकींना हार्मोनियम असते, म्हणून डबल-ओ घेत आहे. ड्रेडनॉट विकणार नाही.

खर्जप्रेमी

शेवटचे वाक्य वाचून समाधान वाटले. पुढच्या बैठकीत एखादा पुरुष गायक काळी एकमध्ये गाणार असेल तर कळवा, मी माझी ड्रेडनॉट घेऊन येतो.

मिश्र_काफी

अवश्य या, फक्त डग्ग्यापासून लांब बसा.